मोती, मनुका की मेदुवडा?

दुधाच्या भुकटीची दोन पाकिटे शेजारी ठेवा. दोन्हींवर छापलेली घटकांची यादी सारखीच असू शकते: प्रथिने इतकी, स्निग्धांश इतका, साखर इतकी. तरीही एक भुकटी गरम पाण्यात पडताच विरघळते आणि दुसरीच्या गुठळ्या होतात. चमचा कितीही फिरवला तरी त्या आतून कोरड्याच राहतात. यात दुधाचा दोष नसतो, पाण्याचाही नसतो. फरक असतो कणाच्या घडणीत. कण भरीव आहे की पोकळ, गुळगुळीत आहे की सुरकुतलेला, सुटा आहे की इतर कणांना धरून सच्छिद्र झुबका झालेला, आणि त्याच्या पृष्ठभागावर प्रथिन आले आहे की चरबी, यावर भुकटी पाण्यात कशी वागेल हे ठरते. पाकिटावर याबद्दल अक्षरही नसते. वस्तू कशापासून बनली हे विचारण्याची आपल्याला सवय आहे आणि संशोधनाचा पैसाही बहुधा त्याच प्रश्नामागे जातो. ती कोणत्या आकारात वाळली, हा प्रश्न मात्र यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंदाजावर सोडून दिला जातो. हा प्रश्न आता अंदाजावर सोडू नये, असे माझे म्हणणे आहे. मुंबईच्या उपनगरांना तर तो सोडून देणे मुळीच परवडणारे नाही. कणांचा आकार हवा तसा घडवण्याच्या शास्त्रातले मोलाचे काम ट्रॉम्बेत झाले आहे आणि त्याची गरज असलेले उद्योग अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पसरले आहेत. या दोघांना जोडणारी वाट तेवढी बांधायची राहिली आहे.

हे शास्त्र समजायला वाळवणाची आठवण पुरेशी आहे. चैत्र-वैशाखात घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या पसरल्या की त्यांच्या कडा आधी सुकतात आणि वर उचलल्या जातात. सांडगा वरून खडखडीत होतो तेव्हा आत ओलाच असतो. तासगावच्या द्राक्षाचा बेदाणा होताना आतला रस आटतो, साल मात्र तेवढीच राहते, म्हणून तिला घड्या पडतात. तिन्ही ठिकाणी घडते एकच: वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला ओलावा नंतर निघतो. कारखान्यातला स्प्रे ड्रायर हेच काम सेकंदांत उरकतो. उंच मनोऱ्यात तापलेली हवा सोडायची, तिच्यात दूध, कॉफीचा अर्क किंवा औषधाचे द्रावण बारीक तुषार करून फवारायचे आणि तळाशी पडणारी भुकटी गोळा करायची. सॅम्युएल पर्सी यांनी या पद्धतीचे पेटंट १८७२ मध्ये घेतले. दीडशे वर्षे जुनी ही रीत आज दूध, साबणाची पूड, सिरॅमिक आणि औषध या चारही धंद्यांत रुळलेली आहे. फवाऱ्यातला एकेक थेंब काही मायक्रोमीटर ते शेकडो मायक्रोमीटर एवढा असतो. माणसाचा केस साधारण ८० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्याच्या लहानपणाची कल्पना यावी.

थेंबात नॅनोकण तरंगत असतील तर वाळताना तिथे एक शर्यत लागते. पाणी उडून जाते तसा थेंबाचा पृष्ठभाग आत सरकतो आणि वाटेतले कण पुढ्यात गोळा करत जातो. कणांना मात्र रेणूंचे धक्के खात पुन्हा सगळीकडे पांगायचे असते. हे पांगणे किती जलद, ते कणाच्या मापावर ठरते. पाच मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबात २० नॅनोमीटर व्यासाच्या कणाला पाण्यातून थेंबभर पसरायला सुमारे एक सेकंद लागतो. २०० नॅनोमीटरच्या कणाला त्याच्या दहापट. म्हणजे थेंब सावकाश वाळला तर कणांना समान पसरायला वेळ मिळतो आणि शेवटी मोत्यासारखा भरीव गोळा उरतो. घाईने वाळला तर कण पृष्ठभागाशी दाटतात आणि थेंबाभोवती कवच धरते. त्यानंतर कवचातल्या कणांच्या फटींमधून पाणी बाहेर पडू लागते आणि केशाकर्षणाचा दाब सुरू होतो. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या फटीत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४० पट भरतो. एवढा भार पेलण्याइतके कवच कणखर असेल तर आतून पोकळ गोळा टिकतो. ते लवचिक असेल तर अंगभर सुरकुत्या पडून मनुका होतो. आणि एका बाजूने ते जरा दुबळे निघाले तर तिथे पोचा पडतो, पोचा खोल खोल जातो आणि कधी आरपार जाऊन चक्क मेदुवडा तयार होतो. इंग्रजी शोधनिबंधांत त्याला डोनट म्हणतात. पदार्थ तोच, वजन तेच, पण घडण वेगवेगळ्या तऱ्हांची. आणि घडणीबरोबर कणाची घनता, त्याचे वाहणे, विरघळणे, शोषून घेणे हे सगळेच बदलते.

ही घडण आपल्या हाती ठेवता येते, हे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात देबासिस सेन, जितेंद्र बहादूर, एस. मझुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दीड-दोन दशकांत दाखवून दिले. सिलिका, म्हणजे रसायनाच्या भाषेत वाळूच, तिचे नॅनोकण पाण्यात मिसळून त्यांनी फवारून वाळवले. नुसत्या सिलिकाच्या थेंबांचे मेदुवडे झाले. कणांच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलिन ग्लायकॉल या बहुलकाचे रेणू बसवल्यावर पोचा पडणे थांबले आणि कण गोल राहिले. हे बहुलक लांब साखळीचे घेऊन त्याचे प्रमाण वाढवल्यावर तिसरेच घडले: कवचात जागोजागी मऊ ठिपके राहिले, प्रत्येक ठिपक्याशी एकेक पोचा पडला आणि कण फुटबॉलच्या शिवणीसारखा खळगेदार झाला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१० मध्ये, याच गटाने मिश्रणाचा प्रयोग केला होता. सिलिकाच्या कडक कणांबरोबर त्यांनी जिवाणूंच्या मऊ, लांबोळक्या पेशी मिसळल्या आणि गोल थेंबांचे वेडेवाकडे मेदुवडे होताना पाहिले. असा कण तापवला की जिवाणू जळून जातात आणि त्यांच्या मापाच्या पोकळ्या तेवढ्या मागे उरतात. सिलिका आणि जिवाणूंच्या अशा मिश्र कणांनी पाण्यातले युरेनियम शोषून घेता येते का, हेही पुढे तपासले गेले. कणाच्या पोटात काय आहे हे पाहायला ट्रॉम्बेकडे एक साधन आहे जे देशात अन्यत्र सहज मिळत नाही: ध्रुव अणुभट्टी. १९८५ पासून चालणाऱ्या १०० मेगावॅटच्या या भट्टीतून निघणारे न्यूट्रॉन कणावर सोडले की ते किती अंशांनी विखुरतात यावरून आतले नॅनोकण किती दाटीने रचले आहेत आणि मधल्या फटी केवढ्या आहेत, ते कण न फोडता कळते.

मिश्रणाची गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. दोन प्रकारचे कण एकत्र केले की परिणाम दोघांच्या मध्ये कुठेतरी येईल, असे साध्या बुद्धीला वाटते. तसे होत नाही. मोठे कण हळू पांगतात, म्हणून भराभर वाळताना पृष्ठभागापाशी तेच अडकतील आणि लहान कण आत राहतील, असाच कोणीही अंदाज बांधेल. इंग्लंडमधील सरे विद्यापीठ आणि फ्रान्समधील लिऑं येथील संशोधकांनी २०१६ मध्ये नेमके उलट दाखवले: पृष्ठभागाखाली लहान कणांची गर्दी होते, ती गर्दी मोठ्या कणांना आत ढकलते आणि वरचा थर लहानांचाच उरतो. दुधाचेही असेच आहे. दूध हे निसर्गानेच तयार केलेले नॅनोकणांचे मिश्रण आहे. त्यात केसिनचे शंभर-दोनशे नॅनोमीटरचे गोळे असतात, काही नॅनोमीटरची निवळीतली प्रथिने असतात आणि चरबीचे थेंब असतात. फ्रान्समधील रेन येथे एकेक थेंब टांगून वाळवण्याचे प्रयोग झाले. त्यांत केसिनचा थेंब हवा गेलेल्या फुग्यासारखा सुरकुतला, तर निवळीतल्या प्रथिनाच्या थेंबाला कडक, ठिसूळ कवच आले आणि त्यात एकच मोठा खळगा पडला. पाककृती लिहिणाऱ्याला यातून एकच धडा आहे. दोन घटकांचे प्रमाण ठरवणे म्हणजे आकार ठरवणे नव्हे. किती वेगाने, किती दमट हवेत आणि कोणत्या क्रमाने वाळवायचे हेही पाककृतीतच लिहावे लागते. हे न लिहिता मिश्र पदार्थांवर पैसा खर्च करणे म्हणजे पिठाचे प्रमाण ग्रॅममध्ये मोजायचे आणि तवा किती तापला ते पाहायचेच नाही.

आकाराचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते फुप्फुसांच्या औषधांत. दम्याचा रुग्ण श्वासाबरोबर जी भुकटी ओढतो, तिचा कण हवेत साधारण एक ते पाच मायक्रोमीटरच्या गोळ्यासारखा वागला तरच तो खोल जातो. त्याहून जड असेल तर घशात आदळतो, फारच हलका असेल तर उच्छ्वासाबरोबर परत येतो. १९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात यातून एक पळवाट दाखवली. कण मोठा पण आतून सच्छिद्र ठेवला तर हवेत तो लहान कणासारखा तरंगतो, इतर कणांना कमी चिकटतो आणि फुप्फुसात जास्त काळ टिकतो. औषधाचा रेणू तोच राहिला. बदलली ती फक्त त्याची बांधणी. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेले अफ्रेझा हे श्वासातून घ्यायचे इन्सुलिन याच विचारावर उभे आहे. एका वाहक रेणूचे पापुद्र्यांसारखे स्फटिक आपणहून एकत्र येतात, त्यांचे दोन-अडीच मायक्रोमीटरचे सच्छिद्र गोळे होतात आणि इन्सुलिन त्यांच्यावर जाऊन बसते. मुंबईच्याच सिप्ला कंपनीला हे औषध भारतात विकायला डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. या बातमीकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. मधुमेहाच्या देशात सुईला पर्याय आला, हे एक. दुसरे असे की इन्सुलिनच्या रेणूत काहीही नवे नाही, ते आपण कित्येक वर्षे बनवतो. बाहेरून आणावी लागली ती त्याला उचलून नेणाऱ्या कणाची घडण.

उपनगरांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध इतिहासाचा आहे आणि जमिनीच्या भावाचाही. १९६३ मध्ये गोरेगावात सिबा या औषध कंपनीचे संशोधन केंद्र उघडले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख झाला. मुलुंडला होएख्स्टच्या केंद्रात १९७० च्या दशकात कोलियस प्रजातीतल्या आपल्या वनस्पतीच्या मुळातून फोर्स्कोलिन हा रेणू वेगळा काढला गेला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो आजही वापरतात. अंधेरीत १९६७ मध्ये हिंदुस्तान लिव्हरचे संशोधन केंद्र आले. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी पवईला होतीच. म्हणजे एके काळी या उपनगरांत नवे रेणू शोधले जात होते. पुढे मालक बदलले, केंद्रे बंद झाली किंवा हलली, लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. आज इथल्या जमिनीच्या भावात रसायनांचा मोठा कारखाना परत येणार नाही, आणि दाट वस्तीत तो यावा असे कोणी म्हणणारही नाही. नव्या औषधी रेणूच्या शोधाला दहा-बारा वर्षे आणि हजारो कोटी लागतात. ती झेप मूठभर कंपन्याच घेऊ शकतात. जुन्याच पदार्थाला नवी घडण देण्याच्या कामाला मात्र जागा थोडी लागते, भांडवल त्या मानाने कमी लागते आणि डोके भरपूर लागते. उपनगरांत जागा नाही, डोकी आहेत. इथे टिकेल आणि वाढेल असे उद्योगाचे ज्ञान कोणते, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

म्हणून मागणीही नेमकी आहे. पवई ते ट्रॉम्बे या पट्ट्यात वाळवण्याच्या शास्त्राचे एक सामायिक केंद्र असावे. त्यात टेबलावर मावणाऱ्या काचेच्या ड्रायरपासून दोन मजली मनोऱ्यापर्यंत वेगवेगळ्या मापांची यंत्रे असावीत, आत येणाऱ्या हवेचा ओलावा हवा तसा राखण्याची सोय असावी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विखुरण्याचे उपकरण असावे. लहान उद्योजकाने आपले द्रावण घेऊन यावे, फी भरावी आणि आठवडाभरात कोणत्या वेगाला आणि कोणत्या ओलाव्याला कोणता आकार मिळतो याचा तक्ता घेऊन जावे. मुंबईच्या हवेमुळे ही गरज अधिकच खरी ठरते. जानेवारीतली हवा आणि जुलैतली हवा यांत पाण्याच्या वाफेचे प्रमाण फार वेगळे असते. डेन्मार्क किंवा जर्मनीतल्या यंत्राबरोबर आलेली पाककृती इथल्या पावसाळ्यात तशीच्या तशी चालत नाही, भुकटी भिंतींना चिकटू लागते आणि ऑपरेटरला हातानेच तापमान वर-खाली करावे लागते. अशा सामायिक व्यवस्थेचा नमुनाही आपल्यापाशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेमार्फत देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक गेली तीन दशके ध्रुव भट्टीचे न्यूट्रॉन वापरत आहेत. अणुभट्टीसारखी जोखमीची गोष्ट जर बाहेरच्यांसाठी खुली करता येते, तर फवारा मारणारे यंत्र खुले करायला काय हरकत असावी?

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप बाजारातूनच येतो. १९५९ मध्ये भारतात आलेला सर्फ मनोऱ्यात फवारून वाळवलेला होता. हलके, पोकळ, चटकन विरघळणारे मणी. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी निरमा आणला तो कोरडी पूड नुसती एकत्र कालवून. मनोरा नाही, पोकळ मणी नाहीत, आकाराचे कसलेही शास्त्र नाही. आणि त्या पिवळ्या पुडीने भल्या भल्या कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळवले. मग आकाराचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे, फक्त अपुरा आहे. कपडे धुणाऱ्याला पूड विरघळायला दहा सेकंद जास्त लागले तर चालते, किंमत तिप्पट झालेली चालत नाही. दम्याच्या रुग्णाला भुकटी घशातच अडकलेली चालत नाही. पिण्याच्या पाण्यातले विषारी मूलद्रव्य शोषणारा कण तळाशी घट्ट बसून राहिला, त्यातून पाणी वाहिलेच नाही, तर तो फुकट मिळूनही उपयोगाचा नाही. आकाराला कुठे मोल आहे आणि कुठे नाही, हे ओळखणे हाच या ज्ञानाचा पहिला उपयोग. उलट बाजूचे उदाहरणही विसरू नये. फवारून वाळवलेले श्वासाचे इन्सुलिन एक्झुबेरा २००६ मध्ये मोठ्या गाजावाजाने बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले. कण उत्तम होता, पण उपकरण बोजड होते आणि किंमत जड. घडण साधली म्हणजे सगळे साधले, असा माझा दावा नाही. घडणीकडे पाहिलेच नाही तर काय गमावले तेही कळत नाही, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप असा की कंपन्यांना गरज असेल तर त्यांनीच खर्च करावा, आणि प्रयोगशाळेतल्या चमचाभर भुकटीचे निष्कर्ष टनांच्या कारखान्यात टिकतही नाहीत. यातला दुसरा भाग बरोबर आहे आणि तोच पहिल्या भागाचे उत्तर आहे. लहान यंत्रात थेंब दहा मायक्रोमीटरचा असतो, मोठ्या मनोऱ्यात शंभरचा. वाळायला लागणारा वेळ बदलतो, शर्यतीचा निकाल बदलतो आणि मोत्याचा मेदुवडा होतो. ही मधली पायरी ओलांडण्यासाठी लागणारे मध्यम मापाचे यंत्र मोठी कंपनी घेऊ शकते, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला गाळेधारक घेऊ शकत नाही. म्हणून ती पायरी सामायिक हवी. असे काम सार्वजनिक पुढाकाराने होऊ शकते याचा दाखला मुंबईच्या दुधातच सापडतो. बॉम्बे मिल्क स्कीमला दूध पुरवणाऱ्या खेडा संघाकडे हिवाळ्यात इतके दूध जमे की ते उचलायला कोणी नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधात चरबी आणि केसिन जास्त असते. म्हणजे इथेही प्रश्न मिश्रणातल्या कणांच्या वागणुकीचाच होता. तो सोडवला सहकारी संस्थेच्या एका अभियंत्याने, आणि त्याचा लाभ लाखो उत्पादकांना झाला. पैशाचे म्हणाल तर २००७ च्या नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये दिले गेले होते आणि २०२३ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची कल्पना मांडली आहे, त्यातला मोठा हिस्सा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. ज्याचा उपयोग उद्योगाला समोर दिसतो अशाच कामात तो हिस्सा येईल.

तिसरी शंका रहिवाशांची आहे आणि ती सर्वांत आदराने ऐकायला हवी. माहुल-चेंबूरच्या लोकांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे काढली आहेत. नॅनोकणांचे केंद्र म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली तर त्यांचे चुकत नाही. सुटे नॅनोकण हवेत उडाले तर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकतात आणि शरीरात त्यांचे काय होते हे प्रत्येक पदार्थाबाबत वेगळे तपासावे लागते. पण मिश्र मायक्रोकण बनवण्याचे एक कारण हेच आहे. नॅनोकणांचा उपयोगी गुण, म्हणजे त्यांचे प्रचंड पृष्ठफळ, राखायचा आणि त्यांना हजारपट मोठ्या कणात बांधून टाकायचे, म्हणजे ते सहज उडत नाहीत, गाळता येतात, चिमटीत सापडतात. धोका शून्य होतो असे नाही. कण ठिसूळ असेल तर फुटून नॅनोकण पुन्हा सुटे होतील, आणि फुप्फुसात खोल जाण्याची जी कला औषधाला हवी असते तीच धुळीला मिळाली तर घातक ठरते. म्हणजे सुरक्षिततेचे उत्तरही शेवटी कणाची ताकद, घनता आणि घडण मोजण्यातच आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. औषधापुरता तरी हा विचार सरकारदरबारी पोहोचला आहे. रंग, खाद्यपदार्थ, शेतीची रसायने यांतल्या कणांनाही तीच मोजपट्टी लावायला हवी, आणि प्रस्तावित केंद्राच्या चिमणीतून, सांडपाण्यातून काय बाहेर पडते याचे आकडे रोज जाहीर करण्याची अट त्याच्या स्थापनेच्या कागदातच हवी.

राहिला प्रश्न शिक्षणाचा, आणि खर्च सर्वांत कमी याच ठिकाणी आहे. रसायन किंवा औषधनिर्माण शिकणारा विद्यार्थी वाळवणे हा धडा पाणी काढून टाकण्याची क्रिया म्हणून शिकतो: उष्णता किती लागली, वेळ किती गेला, ओलावा किती उरला. त्या क्रियेत वस्तू घडते, हे त्याला बहुधा नोकरीला लागल्यावर, एखादी बॅच बिघडल्यावर कळते. उपनगरांतल्या विज्ञान आणि औषधनिर्माण महाविद्यालयांनी यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक थेंब, एक सुई, एक हेअर ड्रायर आणि मोबाइल जोडता येणारे सूक्ष्मदर्शक एवढ्यावर थेंब कवच कसे धरतो आणि पोचा कसा पडतो हे वर्गात दाखवता येते. दूध, ताक, साबुदाण्याची पेज यांचे थेंब शेजारी शेजारी वाळवले तर मिश्रणाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. त्याच विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा ट्रॉम्बेत किंवा पवईत नेऊन खरे कण दाखवावेत. दहा वर्षांनी यांतलेच कोणी मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात ड्रायरसमोर उभे असतील. जुलैच्या दमट सकाळी भुकटी भिंतीला चिकटू लागेल, तेव्हा तापमान अंदाजाने वाढवण्याआधी ते चिमूटभर भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहतील: मोती आहे, मनुका आहे की मेदुवडा.